सॉसेजमधलं नायट्राइट पेनपेन्सिलीच्या काडीने कसं मोजायचं: प्रोजेक्टला नव्याने बसणाऱ्यांसाठी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी ‘प्रक्रिया केलेल्या मांसातलं नायट्राइट विद्युतरासायनिक सेन्सरने मोजणे’ हा विषय घेतला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला काम संपल्यासारखं वाटलं होतं. स्वच्छ बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) सोडियम नायट्राइट टाकलं की आलेखावर छान टोकदार पीक उभा राहायचा. जास्त टाकलं की उंची वाढायची. मग चिकन सलामीचा अर्क टाकला आणि पीक दिसेनासा झाला. त्याच्या जागी एक पसरट उंचवटा आला, तोही दर वेळी वेगळा. पुढचे दोन महिने माझे सेन्सरवर गेले नाहीत, सलामीवर गेले. हे दोन महिने तुमचे वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

हे कोल्हापुरातल्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, म्हणजे विद्यापीठाच्या विभागात किंवा एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक साधा पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला ठरावीक व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारं उपकरण) आहे, पण महागडे इलेक्ट्रोड नाहीत, अशांना. इंजिनिअरिंग किंवा फूड टेक्नॉलॉजीच्या मुलांनाही चालेल.

१. आधी नायट्राइट तिथे का असतं ते समजून घ्या

सलामी, सॉसेज, हॅम, बेकन यांत सोडियम नायट्राइट मुद्दाम घालतात. पाकिटावर ते ‘ई २५०’ किंवा नुसतं ‘२५०’ असं दिसेल. पोटॅशियम नायट्राइट २४९, सोडियम नायट्रेट २५१ आणि पोटॅशियम नायट्रेट २५२. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची वाढ ते रोखतं, आणि या जिवाणूचं विष जीवघेणं असतं. दुसरं म्हणजे नायट्राइटपासून तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला चिकटतो आणि शिजवल्यावरही गुलाबी रंग टिकतो. आपल्याकडचं मटण शिजलं की तपकिरी होतं आणि हॅम गुलाबीच राहतं, त्याचं कारण हेच.

मग मोजायचं कशाला? नायट्राइट जास्त झालं तर रक्तातल्या हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं आणि ते ऑक्सिजन वाहून नेत नाही. शिवाय आम्लात किंवा जास्त उष्णतेत नायट्राइट आणि अमाइन्स मिळून नायट्रोसअमाइन्स बनतात, त्यांतले अनेक कर्करोगकारक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या गटात टाकलं. व्हायवामध्ये हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर ‘नायट्राइट वाईट असतं’ असं देऊ नका. त्याचा उपयोगही आहे आणि धोकाही आहे, म्हणून तर प्रमाण मोजावं लागतं.

कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) सर्वसाधारण मानकात अशा मांसासाठी शिल्लक नायट्राइटची मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅम आहे, तीही नायट्राइट आयन म्हणून मोजलेली. शेवटचे हे चार शब्द वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढे ते कामाला येणार आहेत. आपल्याकडे बंधनकारक आहेत ते एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे नियम. ते अधूनमधून बदलतात, त्यामुळे रिपोर्ट लिहिताना ताजी प्रत स्वतः उघडून बघा, सीनियरच्या जुन्या थिसिसमधून आकडा उचलू नका.

२. काय काय जमवायचं

उपकरणं: पोटेन्शिओस्टॅट (डिफरन्शियल पल्स व्होल्टामेट्री, म्हणजे छोट्या पल्स देत व्होल्टेज वाढवून प्रवाह मोजणं, हे करणारा कोणताही), सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोड, प्लॅटिनमची तार, पीएच मीटर, दशांश चार स्थळांपर्यंतचा वजनकाटा, वॉटर बाथ, मिक्सर, २०० मिलिलिटरचे व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क, फिल्टर पेपर, मायक्रोपिपेट.

रसायनं: सोडियम नायट्राइट, सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, बोरॅक्स, पोटॅशियम फेरोसायनाइड, झिंक ॲसिटेट, पोटॅशियम क्लोराइड, पोटॅशियम फेरिसायनाइड. पडताळणीसाठी सल्फानिलामाइड आणि नॅफ्थिल इथिलीनडायअमाइन.

स्टेशनरीच्या दुकानातून: ०.५ मिलिमीटरच्या पेनपेन्सिलीच्या काड्या, एचबी किंवा २बी. एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातल्या तीन-चार डब्या एकदमच घ्या. माझी एक डबी संपली आणि दुसऱ्या कंपनीची आणली, त्या दिवशी आधीचं सगळं कॅलिब्रेशन वाया गेलं.

कागदपत्रं: मार्गदर्शकांची सही असलेलं प्रयोगाचं टिपण, प्रत्येक रसायनाचं सुरक्षापत्रक, नमुना विकत घेतल्याचं बिल, आणि पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो. फोटोत बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि घटकांची यादी वाचता आली पाहिजे. पाकीट फेकून दिलं की नमुन्याची ओळखच गेली.

३. सुरक्षितता, वगळू नये असा भाग

सोडियम नायट्राइट दिसायला मिठासारखं असतं, किंचित पिवळसर. ते विष आहे. बाटलीवर ठळक लेबल लावा, कुलपात ठेवा, आणि किती घेतलं त्याची नोंद ठेवा. प्रयोगाचं सॉसेज खायच्या फ्रिजमध्ये ठेवायचं नाही आणि डबा प्रयोगशाळेत उघडायचा नाही. नायट्राइटच्या घट्ट द्रावणात आम्ल ओतू नका, तपकिरी विषारी वायू निघतो. फेरोसायनाइडचा कचरा तीव्र आम्लाच्या कचऱ्यात मिसळू नका. आमच्या लॅबमधले मामा दोन्हींसाठी वेगळे कॅन ठेवायचे आणि चुकलं तर सगळ्यांसमोर थांबवायचे. त्यांचं ऐकत जा.

४. इलेक्ट्रोड तयार करणं

मोठ्या शोधनिबंधांत सोन्याचे नॅनोकण, ग्राफीन, तांबं असं बरंच काही इलेक्ट्रोडवर चढवलेलं असतं. ते करायला हरकत नाही, पण दुसऱ्या टप्प्यात. पहिल्यांदा साध्या काडीवर संपूर्ण पद्धत बसवा. काडीचा मोठा फायदा असा की प्रथिनांनी पृष्ठभाग माखला तर ती टाकून नवी घेता येते. ग्लासी कार्बनचा (काचेसारख्या कार्बनचा तयार) इलेक्ट्रोड असेल तर दर वेळी ॲल्युमिनाने घासत बसावं लागतं, १ मायक्रॉनपासून ०.०५ पर्यंत.

काडी पेनपेन्सिलीत घालून नेमकी १ सेंटिमीटर बाहेर काढा आणि धातूच्या टोकाला क्लिप लावा. तेवढीच १ सेंटिमीटर द्रावणात बुडली पाहिजे. म्हणजे पृष्ठभाग साधारण ०.१६ चौरस सेंटिमीटर होतो. बुडवण्याची खोली एका मिलिमीटरने बदलली की प्रवाह दहा टक्क्यांनी बदलतो, त्यामुळे बीकरच्या झाकणाला भोक पाडून पेन्सिल तिथे घट्ट बसवा. हातात धरून मोजलेले आकडे कुणालाही दाखवू नका.

मग ॲसिटेट बफरमध्ये +१.४ व्होल्टवर ६० सेकंद ठेवा, त्याने काडीचा पृष्ठभाग सक्रिय होतो. या वेळी द्रावणात क्लोराइड नको, नाहीतर क्लोरीन निघतो.

तपासणीसाठी ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ५ मिलिमोलर फेरिसायनाइड घेऊन सायक्लिक व्होल्टामेट्री करा, म्हणजे व्होल्टेज पुढे नेऊन परत मागे आणा; जाताना एक आणि येताना एक पीक दिसतो. सैद्धांतिकदृष्ट्या दोन पीकमधलं अंतर ५९ मिलिव्होल्ट असतं. पेन्सिलीवर ते जास्त येतं, घाबरू नका. माझ्या मते त्याहून महत्त्वाचं हे की एकाच डबीतल्या पाच काड्यांचे पीक एकमेकांशी जुळतात का. ते पाच टक्क्यांच्या आत जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

५. बफर आणि स्टँडर्ड

०.२ मोलर ॲसिटेट बफर, पीएच ५.०, अर्धा लिटर: सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट ८.६४ ग्रॅम आणि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड २.१ मिलिलिटर. पीएच मीटरवर बघून थोडं इकडेतिकडे करा.

पीएच ५च का? नायट्रस आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं आम्ल आयन स्वरूपात असतं तो) साधारण ३.३ आहे. पीएच ५ ला ९८ टक्के नायट्राइट आयन स्वरूपात असतं आणि टिकतं. पीएच ३ च्या खाली गेलात तर ते मोडून नायट्रिक ऑक्साइड उडून जातो. तुम्ही मोजत असता आणि बीकरमधलं प्रमाण कमी होत असतं.

नायट्राइटचं १० मिलिमोलर स्टँडर्ड (ज्ञात प्रमाणाचं द्रावण): ०.०६९० ग्रॅम, १०० मिलिलिटर पाण्यात, आणि ते रोज ताजं करायचं. सोडियम नायट्राइट हवेतली ओल शोषून घेतं. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरची हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. बाटली उघडी राहिली तर वजनात पाणीच मोजलं जातं. पूड वाळवून डेसिकेटरमध्ये ठेवा आणि सिलिका जेल गुलाबी झालं की बदला.

६. नमुना आणणं

आपल्या गावात मटण म्हटलं की सकाळी समोर कापून घेतलेलं ताजं मटण. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात क्युअर केलेलं (नायट्राइट-मीठ लावून टिकवलेलं) मांस कुणी घालत नाही. सलामी-सॉसेज मिळतं ते सुपरमार्केटच्या फ्रीजरमध्ये. राजारामपुरीतून घेऊन सायबर चौकातून विद्यापीठापर्यंतचा रस्ता छोटाच आहे, तरी एप्रिलच्या उन्हात बर्फाचा डबा न्या. शिल्लक नायट्राइट साठवणुकीत हळूहळू कमी होत जातं, म्हणून उत्पादनाची तारीख, खरेदीची तारीख आणि अर्क काढल्याची तारीख तिन्ही लिहा. पाकीट फोडलं की त्याच दिवशी काम संपवा. एकच चकती घेऊ नका. सगळं पाकीट मिक्सरमधून काढून एकजीव करा आणि त्यातून वजन करा.

ताज्या मांसाची सवय इथे कामाला येते. आपल्याला ‘कोरा’ नमुना लागतो, म्हणजे मांस तेच पण नायट्राइट न घातलेलं. तो इथे कोपऱ्यावर मिळतो. नमुना चिकनचा असेल तर चिकनचाच खिमा घ्या, मटणाचा नको. दुकानदार काकांना सांगून समोर करून घ्या, मीठ-मसाला काही नको. मी पहिल्यांदा नुसत्या पाण्याला कोरा नमुना धरलं होतं, आणि तिथेच माझा हिशेब चुकला.

७. अर्क काढणं: खरं काम इथे आहे

मी वापरलेली पद्धत आयएसओ २९१८ या १९७५च्या मानकातल्या अर्काच्या पायऱ्यांवर बेतलेली आहे.

एकजीव केलेला नमुना १० ग्रॅम घ्या. त्यात बोरॅक्सचं संपृक्त द्रावण ५ मिलिलिटर आणि ७० अंशांपेक्षा गरम पाणी १०० मिलिलिटर घाला. उकळत्या वॉटर बाथमध्ये १५ मिनिटं ठेवा, मधूनमधून हलवत राहा. खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग प्रथिनं खाली बसवणारी कॅरेझची दोन द्रावणं: आधी कॅरेझ एक २ मिलिलिटर (लिटरमागे १०६ ग्रॅम पोटॅशियम फेरोसायनाइड), हलवा. त्यानंतर कॅरेझ दोन २ मिलिलिटर (लिटरमागे २२० ग्रॅम झिंक ॲसिटेट आणि ३० मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड), पुन्हा हलवा. २०० मिलिलिटरपर्यंत भरा, अर्धा तास स्थिर ठेवा, गाळा. गाळलेलं द्रावण काचेसारखं स्वच्छ हवं. गढूळ असेल तर पुढे जायचं नाही.

आता यातले सापळे. तिन्हींत मी अडकले आहे.

बोरॅक्स वगळू नका. सलामीत ॲस्कॉर्बेट किंवा एरिथॉर्बेटही घातलेलं असतं, घटकांच्या यादीत ३०१ किंवा ३१६ शोधा. आम्लात ते नायट्राइटशी भिडतं आणि त्याला खाऊन टाकतं. बोरॅक्समुळे अर्क अल्कधर्मी राहतो आणि नायट्राइट वाचतं. बफरमध्ये मिसळल्यावरही रेंगाळू नका, लगेच मोजा.

कॅरेझ एक आणि दोन यांचा क्रम आणि माप बदलू नका. कॅरेझ एकमधलं फेरोसायनाइड स्वतःच विद्युतसक्रिय आहे, इलेक्ट्रोड तपासायला आपण वापरतो ते फेरिसायनाइड त्याचंच ऑक्सिडीकृत रूप. मानकातल्या मापात झिंक मुद्दाम जास्त आहे, ते सगळं फेरोसायनाइड साक्यात खाली बसवतं. घाईत कॅरेझ दोन कमी पडलं तर ०.२ व्होल्टच्या आसपास मोठा पीक येतो आणि बेसलाइनचं वाटोळं होतं.

तिसरा सापळा कुठल्याही निबंधात मला लिहिलेला दिसला नाही. मी सुरुवातीला फॉस्फेट बफर वापरत होते, कारण बहुतेक निबंधांत तोच होता. स्वच्छ अर्क त्यात ओतला की पांढरी गढूळता यायची. मी प्रथिनांना दोष देत राहिले आणि तीन आठवडे फिल्टर पेपर बदलत बसले. खरं कारण सरळ होतं: जास्तीचं झिंक आणि फॉस्फेट मिळून झिंक फॉस्फेटचा साका. ॲसिटेट बफर घेतला त्या दिवशी गढूळता गेली आणि नायट्राइटचा पीक पहिल्यांदा सलामीत दिसला. तो दिवस मला अजून आठवतो.

८. मोजमाप

बीकरमध्ये ५ मिलिलिटर अर्क आणि ५ मिलिलिटर बफर घ्या. डिफरन्शियल पल्स: ०.४ पासून १.१ व्होल्टपर्यंत, पल्स ५० मिलिव्होल्ट, पायरी ५ मिलिव्होल्ट. नायट्राइटचं ऑक्सिडेशन होऊन नायट्रेट बनतं, दोन इलेक्ट्रॉन सुटतात. माझ्या काड्यांवर पीक ०.८ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान यायचा. तुमचा थोडा सरकेल. ॲस्कॉर्बेटचा पीक बराच आधी येतो, त्यामुळे तो वेगळा ओळखता येतो. १.१ च्या पुढे जाऊ नका, मांसातल्या मिठाचं क्लोराइड तिथे त्रास द्यायला लागतं.

नायट्रोजन सिलिंडर लागत नाही. विरघळलेल्या ऑक्सिजनचं क्षपण (रिडक्शन) ऋण बाजूला होतं, आपण धन बाजूला काम करतोय. सिलिंडरसाठी थांबून राहिलेली एक बॅच मी पाहिली आहे.

स्ट्रिपसारखे स्क्रीन-प्रिंटेड इलेक्ट्रोड वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. त्यांचा संदर्भ इलेक्ट्रोड थेट द्रावणातच असतो आणि त्याचा विभव (व्होल्टेज) क्लोराइडवर ठरतो. स्टँडर्डमध्ये मीठ नाही आणि सलामीत दोन टक्क्यांच्या आसपास, मग पीक सरकणारच. सगळ्या द्रावणांत ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड सारखंच घाला. सोन्याचे कण चढवले असतील तर क्लोराइडमध्ये जास्त विभवाला सोनं विरघळतं, तेव्हा शक्य तितकं आधी थांबा.

९. हिशेब: स्टँडर्ड ॲडिशनच करा

बफरमध्ये काढलेली कॅलिब्रेशनची रेषा आणि सलामीच्या अर्कातला उतार एकसारखा नसतो. म्हणून अर्कातच ज्ञात नायट्राइट वाढवत जायचं. वरच्या १० मिलिलिटरमध्ये १० मिलिमोलर स्टँडर्डचे २० मायक्रोलिटर टाकले की सुमारे २० मायक्रोमोलर वाढतात. असं चार वेळा करा. रेषा मागे वाढवा, ती क्षितिजअक्षाला जिथे छेदते तिथे नमुन्यातलं प्रमाण.

समजा बीकरमध्ये ३० मायक्रोमोलर आलं. अर्क निम्मा होता, म्हणून अर्कात ६०. २०० मिलिलिटरमध्ये १२ मायक्रोमोल, ते १० ग्रॅम मांसातून आले, म्हणजे ग्रॅममागे १.२ मायक्रोमोल. गुणिले ४६: किलोमागे ५५ मिलिग्रॅम नायट्राइट आयन.

हाच आकडा सोडियम नायट्राइट म्हणून लिहिलात तर गुणिले ६९, म्हणजे ८३. एक ८० च्या आत, दुसरा बाहेर, आणि नमुना तोच! वहीत मोठ्या अक्षरात लिहायला सांगितलेले चार शब्द यासाठी होते. एका सेमिनारमध्ये या एककाच्या चुकीवरून चांगलं उत्पादन ‘मर्यादेबाहेर’ म्हणून दाखवलेलं मी ऐकलं आहे.

उलटा हिशेबही करून बघा. किलोमागे ८० मिलिग्रॅम म्हणजे आपल्या बीकरमध्ये सुमारे ४३ मायक्रोमोलर. म्हणून नॅनोमोलरपर्यंत शोधमर्यादा (ओळखता येणारं सगळ्यात कमी प्रमाण) आणण्याच्या मागे लागू नका. या कामात ती कुणाच्या उपयोगाची नाही. ५ ते १५० मायक्रोमोलर या पट्ट्यात तुमची रेषा सरळ आणि पुन्हा पुन्हा तीच येणं जास्त मोलाचं आहे.

१०. पडताळणी

कोऱ्या खिम्यात ज्ञात नायट्राइट मिसळून परत किती मिळतं ते बघा. ८० ते ११० टक्के मिळालं तर पद्धत चालते. मिसळल्यावर लगेच बोरॅक्स आणि गरम पाणी घाला. तासभर ठेवलंत तर नायट्राइट मायोग्लोबिनशी जुळून जातं आणि तुम्हाला वाटतं सेन्सर चुकला.

मग त्याच अर्कावर ग्रीसची रंगक्रिया करा: सल्फानिलामाइड, मग नॅफ्थिल इथिलीनडायअमाइन, गुलाबी रंग, ५४० नॅनोमीटर. कलरीमीटर जवळपास प्रत्येक कॉलेजात असतो. दोन्ही पद्धतींचे किमान पाच नमुने शेजारीशेजारी मांडा. परीक्षक सगळ्यात आधी हाच तक्ता शोधतात.

११. रिपोर्टमध्ये काय लिहायचं, काय नाही

उत्पादनाला ‘नमुना अ’, ‘नमुना ब’ अशी नावं द्या. कंपनीचं नाव छापू नका आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच टाकू नका. विद्यार्थ्याचा निकाल हा कायदेशीर अहवाल नसतो. त्यासाठी अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुना आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळा लागते. एखादा आकडा खरंच काळजी करण्यासारखा आला तर आधी दुसऱ्या बॅचचं पाकीट आणून तपासा, मग मार्गदर्शकांना बिल आणि फोटोंसह दाखवा.

नायट्रेट मोजलं असं लिहू नका. या पद्धतीत फक्त नायट्राइट दिसतं. नायट्रेट हवं असेल तर ते आधी क्षपण करून नायट्राइटमध्ये आणावं लागतं, तो वेगळा प्रोजेक्ट आहे.

प्रत्येक आकड्यासोबत किती वेळा मोजलं, किती काड्या वापरल्या आणि एकक कोणतं ते लिहा. संध्याकाळी निघण्याआधी संदर्भ इलेक्ट्रोड धुऊन ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा. शनिवारी तो कोरडा राहिला तर सोमवारी पहिला अर्धा दिवस त्याच्यामागेच जातो.